वीस तारखेचं कुलूप

पहाटे ५:४०

वीस तारीख म्हणजे आमच्याकडे हिशेब मिटवायचा दिवस. दुधाची बिलं दर दहा दिवसांनी निघतात. एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. आज संध्याकाळचं संकलन आटोपलं की मधला हप्ता बंद करायचा आणि उद्या सकाळच्या पहिल्या कॅनपासून नवा दर लावायचा. आम्ही ज्या दूध संघाचं काम करतो, त्याच्या गावोगावच्या संस्थांमधून लिटर, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या घन पदार्थांचे) आकडे साध्या मजकुराच्या फाइलींत कोल्हापूरच्या आमच्या सर्व्हरवर येतात. शेल स्क्रिप्ट ते आकडे दरपत्रकाशी लावून रक्कम काढतात आणि उत्पादकाच्या मोबाइलवर मेसेज जातो. यामागे डेटाबेस नाही. फाइली आहेत, ठरल्या वेळी कामं सुरू करणारं क्रॉन आहे, ओळी चाळून हिशेब करणारं ऑक आहे, आणि हे सगळं एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून लावलेली कुलपं आहेत.

चहाचं आधण ठेवून लॅपटॉप उघडते आणि सर्व्हरवर 'एलएसलॉक्स' ही कमांड चालवते. कोणत्या फाइलीवर कसलं लॉक आहे ते ती दाखवते. आमच्या फोल्डरातल्या फाइलींवर रात्रीचं एकही लॉक उरलेलं नाही. म्हणजे रात्रीची कामं वेळेत उरकली.

सकाळी ६:३०

संस्थांच्या फाइली यायला लागल्या. प्रत्येक फाइलीमागे एक स्क्रिप्ट सुरू होते, त्यामुळे सातच्या सुमारास कितीतरी स्क्रिप्ट एकदम धावत असतात. प्रत्येक स्क्रिप्ट लिहिते ती फक्त आपापल्या संस्थेच्या खात्यात, पण दर मात्र सगळ्या एकाच ठिकाणाहून वाचतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून, त्याच्या वरखाली दर पॉइंटला किती वाढ आणि किती कपात, ते तिसऱ्या फाइलीत. या तिन्ही फाइली एकाच दिवसाच्या असायला हव्यात. दरपत्रक जुनं आणि कपातीची फाइल नवी अशी सरमिसळ झाली तर रक्कम चुकते, आणि चुकलेली रक्कम दिसायला अगदी बरोबर दिसते. फरक असतो चार-पाच रुपयांचा. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईच्या तो लगेच लक्षात येतो, आणि ती विचारते तेव्हा आमच्याकडे उत्तर असलं पाहिजे.

वाचणाऱ्या स्क्रिप्टनी एकमेकींना अडवायचं काही कारण नाही. त्यांना सामाईक लॉक पुरतं. दर बदलणारी किंवा हप्ता बंद करणारी स्क्रिप्ट मात्र आत एकटीच हवी. तिला एकटीचं लॉक. आत एक तर वाचणाऱ्या कितीही, नाही तर लिहिणारी एकच. दोन्ही एकदम कधीच नाही.

स्क्रिप्टमध्ये हे दोन ओळींत बसतं. 'एक्झेक'ने नऊ नंबरचं हँडल लॉकच्या फाइलीवर उघडायचं. मग 'फ्लॉक' कमांडला 'एस' हा पर्याय, 'डब्ल्यू'सोबत साठ सेकंदांची मुदत आणि तो नऊचा आकडा द्यायचा. लॉक मिळालं तर पुढे जायचं, मुदत संपली तर बाहेर पडायचं. एकटीचं लॉक हवं तर 'एस'च्या जागी 'एक्स'. मुदत संपल्यावर फ्लॉक एरवी १ हा कोड देतं, पण १ तर कशालाही येतो. म्हणून मोठा 'ई' पर्याय वापरून मी तो ७५ करून ठेवलाय, म्हणजे 'नंतर पुन्हा बघ' आणि 'काहीतरी बिघडलं' यांतला फरक लॉगमध्ये चटकन दिसतो.

लॉकची फाइल वेगळी आणि रिकामी असते. दरपत्रकाच्या फाइलीलाच लॉक लावू नये, कारण शेलमध्ये एका बाणाने फाइल लिहायला उघडली की ती त्याच क्षणी कोरी होते, लॉक मिळायच्या आधीच. आणि काम झाल्यावर लॉकची फाइल पुसायचीही नाही. एक स्क्रिप्ट त्या फाइलीवर थांबून आहे, दुसरीने काम संपवून ती पुसली आणि तिसरीने त्याच नावाची नवी फाइल बनवून तिच्यावर लॉक घेतलं, तर थांबलेलीला जुन्या फाइलीवरचं लॉक मिळतं आणि तिसरीकडे नव्या फाइलीवरचं असतं. दोघी आत, आणि दोघींना वाटतं आपण एकट्याच.

या कुलपाबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट ही, की ते स्वतःहून कोणालाही अडवत नाही. एखादी स्क्रिप्ट लॉक न मागताच दरपत्रक उघडून लिहायला लागली तर कर्नल तिला थांबवणार नाही. लॉक हा आपसातला करार आहे. एकाने मोडला तर बाकीच्यांनी पाळून उपयोग नसतो. म्हणून आमच्याकडे फ्लॉकची ओळ कोणत्याही कामाच्या स्क्रिप्टमध्ये थेट लिहायची नाही असा नियम आहे. एक छोटी फाइल आहे, तीत दोन फंक्शन आहेत, एक वाचण्यासाठी लॉक घेणारं, दुसरं लिहिण्यासाठी. सगळ्यांनी तिथूनच जायचं.

सकाळी ८:१०

फोन. एका चिलिंग सेंटरवरचा ऑपरेटर.

"ताई, काल रात्रीपास्नं आमच्याकडच्या एकालाबी मेसेज आला न्हाई."

"काल लाइट गेली होती का, दादा?"

"गेलती की. नवाला गेली आन् यूपीएसबी बसला."

मला एवढं पुरतं. त्या सेंटरवर एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यातल्या स्क्रिप्ट आमच्या आधी काम करणाऱ्या कोणीतरी लिहिलेल्या आहेत. लॉग उघडते तर दर पाच मिनिटांनी एकच ओळ, रात्री लाइट आल्यापासून आत्तापर्यंत: दुसरी प्रत चालू आहे, बाहेर पडत आहे. 'पीएस' करून बघते, तर कसली प्रत नाही नि काही नाही. डेटाच्या फोल्डरात मात्र 'लॉक' नावाचं एक रिकामं फोल्डर बसलंय.

'एमकेडिर'ने फोल्डर बनवून त्यालाच लॉक मानायचं, ही शेलमधली फार जुनी रीत आहे आणि ती मुळात चांगली आहे. फाइल आहे का ते आधी बघायचं आणि नसली तर बनवायची, यात दोन पावलं असतात; त्या दोन पावलांच्या मध्ये दुसरी स्क्रिप्ट घुसू शकते. फोल्डर बनवणं हे एकच पाऊल आहे. दोघींनी एकाच क्षणी मागितलं तरी कर्नल एकीलाच हो म्हणतो, दुसरीला 'आधीच आहे' असं उत्तर मिळतं. शेलचा 'नोक्लॉबर' चालू करून फाइल बनवली किंवा 'एलएन'ने हार्ड लिंक केली तरी हाच भरवसा मिळतो.

घोटाळा मिळवताना होत नाही, तो सोडताना होतो. स्क्रिप्ट सरळ संपली, कंट्रोल-सी दाबलं, साधं 'किल' केलं, तर 'ट्रॅप' लावलेला असतो आणि तो फोल्डर काढून टाकतो. 'किल मायनस नाइन'ला ट्रॅप लागू पडत नाही, आणि लाइट जाण्याला तर नाहीच. स्क्रिप्ट मेली, पण तिचं कुलूप डिस्कवर राहिलं. फ्लॉकचं लॉक असं राहत नाही, कारण ते फाइलीत लिहिलेलं नसतंच. ते कर्नलच्या मेमरीत असतं आणि हँडल धरून असलेली शेवटची प्रोसेस संपली की आपोआप सुटतं. माझ्या मते फ्लॉक वापरायचं सगळ्यात मोठं कारण वेग किंवा सोय नाही, हे आहे. कुलूप घेणारा कसाही मेला तरी ते सुटलं पाहिजे.

राहिलेलं लॉक ओळखायला त्यात प्रोसेसचा नंबर लिहून ठेवायचा आणि 'किल झिरो'ने ती जिवंत आहे का विचारायचं, असा एक उपाय लोक करतात. पण मशीन पुन्हा सुरू झालं की नंबर पुन्हा पहिल्यापासून वाटले जातात; कालचा नंबर आज भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. आणि दोन स्क्रिप्टना एकदमच कळलं की मालक मेलाय, तर? पहिली जुनं लॉक काढते आणि आपलं नवं लावते. दुसरी त्यानंतर येऊन, जुनंच समजून, पहिलीचं नवं लॉक काढते. मेलेलं लॉक मोडायलाही पुन्हा एक लॉक लागतं.

ते फोल्डर हाताने काढून टाकते. पुढच्या क्रॉनला स्क्रिप्ट सुरू झाली. अडकलेले मेसेज सुटले. दुपारी या मशीनचा कायमचा बंदोबस्त करायचा.

सकाळी १०:१५

ऑफिसात नव्याने आलेली मुलगी जुन्या स्क्रिप्ट वाचतेय. इंजिनीअरिंगला ती हे सगळं शिकलीय, पण परीक्षेपुरतं. तिला मी दोन पावलांचा धोका डोळ्यांनी दाखवते. 'फाइल नसेल तर' ही अट आणि 'टच' यांच्या मध्ये दोन सेकंदांचा 'स्लीप' घालायचा आणि दोन टर्मिनलमधून स्क्रिप्ट पाठोपाठ चालवायची. दोन्ही टर्मिनल म्हणतात, लॉक मिळालं. मग स्लीप काढून टाकला तर धोका गेला का? गेला नाही, ती फट नुसती बारीक झाली. दिवसाला हजारो वेळा चालणाऱ्या कामात बारीक फटसुद्धा कधी ना कधी गाठते.

थोड्या वेळाने ती विचारते, "मॅडम, नवं दरपत्रक तारखेच्या वेगळ्या फोल्डरात ठेवलं आणि 'चालू' नावाची लिंक तिकडे वळवली, तर लॉक लागणारच नाही ना?"

प्रश्न अगदी मोक्याचा आहे. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं हेही एकच पाऊल असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला एक तर जुनं दिसतं नाही तर नवं, अर्धवट काही दिसत नाही. अट एकच, वाचणारीने आधी 'सीडी' करून त्या फोल्डरात जाऊन उभं राहायचं आणि मग तिन्ही फाइली तिथूनच वाचायच्या. दर वेळी लिंकमधून गेली तर पहिली फाइल जुन्या फोल्डरातली आणि दुसरी नव्यातली मिळू शकते. एवढं पाळलं तर दर वाचायला लॉक लागत नाही, आणि जिथे लॉकशिवाय भागतं तिथे लॉक लावू नये. तारखेची फोल्डरं आमच्याकडे आहेतच, लिंकचं मी तिच्याकडेच सोपवलं.

पण हप्ता बंद करणं लिंक वळवून होत नाही. त्या स्क्रिप्टला सगळ्या संस्थांची खाती बेरजेला घ्यायची असतात आणि त्या वेळी कोणाच्याही खात्यात अर्धी ओळ लिहिलेली चालत नाही. अर्ध्यावर असलेल्या सगळ्या स्क्रिप्ट आपापलं काम संपवून बाहेर पडेपर्यंत थांबायचं आणि नवी कोणी आत येऊ द्यायची नाही. म्हणून सामाईक लॉक राहतंच. ते आता दरांसाठी नाही, 'मी अजून आत आहे' हे सांगण्यासाठी.

दुपारी १२:००

आजचं मुख्य काम. फ्लॉकच्या लॉकमध्ये एक अडचण आहे, तिची आठवण वीस तारखेला हटकून येते. आत एक वाचणारी असेल आणि बाहेर लिहिणारी थांबलेली असेल, तेवढ्यात दुसरी वाचणारी आली तर लिनक्स तिला सरळ आत सोडतो. थांबलेलीचा नंबर आधी आहे याचा विचार होत नाही. वाचणाऱ्यांची रांग तुटली नाही तर लिहिणारी नुसती उभीच. दुपारच्या गर्दीत हायवे ओलांडायला उभ्या राहिलेल्या म्हातारीसारखी.

हा प्रश्न आमचा नाही, फार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली, एका वेळी एकच प्रोसेस आत कशी सोडायची, हे मांडलं. वाचणारे आणि लिहिणारे असे दोन वर्ग करून विचार केला तो कुर्त्वा, हेमन्स आणि पार्नास या तिघांनी, १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये. त्यांचा लेख अवघ्या दोन पानांचा आहे. मुलीला मी तो वाचायला दिला. त्यात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एका उत्तरात, लिहिणारा आत नसेल तर वाचणाऱ्याला कधीच थांबवायचं नाही. दुसऱ्यात, लिहिणारा दारात आला की त्याला लवकरात लवकर आत घ्यायचं आणि नवे वाचणारे थोपवून धरायचे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत; कोणतं घ्यायचं हे कामावर ठरतं. आम्हाला दुसरं हवं. वाचणाऱ्या स्क्रिप्ट चार सेकंद थांबल्या तर कोणाचं काही जात नाही. हप्ता बंद व्हायला उशीर झाला तर बिलं अडतात.

करायचं असं. मुख्य लॉकच्या आधी 'फाटक' नावाची आणखी एक फाइल, तिला आठ नंबरचं हँडल. वाचणारीने आधी फाटकावर एकटीचं लॉक घ्यायचं, मग मुख्य फाइलीवर सामाईक लॉक, आणि ते मिळाल्या मिळाल्या फाटक सोडून द्यायचं. लिहिणारीनेही आधी फाटकच घ्यायचं, पण सोडायचं नाही. ते हातात धरूनच मुख्य फाइलीवरच्या एकटीच्या लॉकसाठी थांबायचं. आता नवी वाचणारी आली तर फाटकाशीच अडते, आत असलेल्या एकेक करून बाहेर पडतात आणि लिहिणारीला जागा होते. काम झालं की दोन्ही सोडायची. दोन फंक्शनमध्ये मिळून चार ओळी वाढल्या. कामाच्या स्क्रिप्टना हातही लावावा लागला नाही, कारण लॉक एकाच फाइलीतून घेतलं जातं.

तपासायला दर सेकंदाला एक वाचणारी स्क्रिप्ट सोडली, प्रत्येकीने आत तीन सेकंद बसायचं. फाटकाशिवाय लिहिणारी आत जाऊच शकली नाही. शेवटी चाचणी हाताने थांबवली. फाटक लावल्यावर ती तीनेक सेकंदांत आत. मुलीने स्वतः दोनदा चालवून बघितलं.

दुपारी १:४५

डबा. भाकरी, वांग्याची भाजी. जेवताना कामाचं बोलायचं नाही असं ठरलेलं आहे आणि ते पाळलं जातं.

दुपारी २:३०

चाचणीच्या सर्व्हरवर एक लॉक सुटत नाहीये. स्क्रिप्ट संपलेली आहे, लॉगमध्ये शेवटची ओळ आहे, तरी लिहिणारी थांबूनच. 'एलएसलॉक्स' एक प्रोसेस नंबर दाखवतं, पण त्या नंबरची प्रोसेसच नाही. मुलगी म्हणते, "मालक मेला तर लॉक सुटतं म्हणालात ना?"

सुटतंच. पण मालक नक्की कोण ते बघायला हवं. यादीत दिसतो तो नंबर 'फ्लॉक' या छोट्या कमांडचा. ती नऊ नंबरच्या हँडलवर लॉक लावून केव्हाच संपली. लॉक तिच्यापाशी नसतं, उघडलेल्या हँडलपाशी असतं, आणि शेलमधून जी जी प्रोसेस जन्माला येते तिला ते हँडल वारशाने मिळतं. म्हणून इथे 'एलएसओएफ' लावायचं आणि लॉकची फाइल अजून कोणी उघडी धरलीय ते विचारायचं. उत्तर लगेच आलं. मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट शेवटच्या ओळीत मागे, बॅकग्राउंडला, सोडून दिली जाते. मोबाइल कंपनीच्या सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ती बसून राहते, आणि ती बसून असेपर्यंत तिच्याकडचं नऊ नंबरचं हँडलही उघडं.

उपाय तीन चिन्हांचा. मागे सोडताना त्या कमांडपुरतं नऊ नंबरचं हँडल बंद करून द्यायचं. बाण, अँडचं चिन्ह आणि आडवी रेघ. आता फाटक आल्यामुळे आठसुद्धा. हा वारसा एरवी फायद्याचाच असतो. मूळ स्क्रिप्टला कोणी 'किल मायनस नाइन' केलं आणि तिने सुरू केलेला 'सॉर्ट' अजून खात्यावर काम करत असेल, तर लॉक टिकून राहायलाच हवं, आणि ते राहतं. काम खरंच संपलं तेव्हाच ते सुटतं. फक्त ज्या प्रोसेसचं त्या फाइलींशी देणंघेणं नाही, तिच्या हाती किल्ली जाऊ द्यायची नाही.

दुपारी ४:००

चिलिंग सेंटरचं मशीन. तिथे बिझीबॉक्सवर चालणारी अगदी किमान लिनक्स आहे आणि त्यात 'फ्लॉक' घातलेलंच नाही. म्हणजे एमकेडिरवरच भागवायचं. मुलगी म्हणाली, दोन्ही मशीनमध्ये नेटवर्कवरचं एकच फोल्डर ठेवू आणि लॉक सर्व्हरकडून घेऊ. मी नाही म्हटलं. एनएफएसवरच्या फोल्डरात फ्लॉकला लिनक्स २.६.१२ पासून अर्थ आला. त्याआधी ते लॉक त्या त्या मशीनपुरतंच असायचं. आता चालतं, पण मग दूध मोजायचं काम सेंटरच्या इंटरनेटवर अवलंबून राहणार. गावाकडे रेंज गेली म्हणून सेंटर थांबता कामा नये. जिथलं काम तिथलंच कुलूप.

तर फ्लॉकशिवाय तेच दोन वर्गांचं लॉक. दोन फोल्डरं, 'फाटक' आणि 'वाचक'. वाचणारीने एमकेडिरने 'फाटक' बनवायचं. बनेपर्यंत थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. बनलं की 'वाचक'मध्ये आपल्या प्रोसेस नंबरच्या नावाची रिकामी फाइल टाकायची आणि फाटक काढून टाकायचं. काम झालं की आपली फाइल पुसायची, त्यासाठी फाटक लागत नाही. लिहिणारीने 'फाटक' बनवायचं, ठेवून द्यायचं आणि 'वाचक' रिकामं होईपर्यंत वाट बघायची. रिकामं झालं म्हणजे ती एकटी. फ्लॉकवाल्या फाटकासारखंच वागतं. फरक इतकाच की इथे थांबणं म्हणजे दर सेकंदाला उठून बघणं, आणि कोणाचा नंबर आधी याची हमी नाही. दोन-चार स्क्रिप्टच्या मशीनवर तेवढं चालतं.

मेलेल्या वाचणारीची फाइल राहिली तर? ती काढायचा अधिकार फक्त लिहिणारीला, तोही फाटक हातात असताना. त्या वेळी नवी कोणी नाव नोंदवू शकत नाही, त्यामुळे सकाळी सांगितलेला दोघींचा घोळ इथे होत नाही. चुकून तोच नंबर दुसऱ्या कोणत्या प्रोसेसला मिळालेला असला तर लिहिणारी थोडी जास्त थांबेल इतकंच. चुकीच्या वेळी आत जाणार नाही. फाटकाचा मालकच मेला तर मात्र स्क्रिप्टने आपल्या मनाने ते मोडायचं नाही, मला मेसेज पाठवायचा. तिथे माणसाने बघावं.

आणि लाइट? ही दोन्ही फोल्डरं डेटाशेजारी ठेवायची नाहीत. '/रन'मध्ये ठेवायची. ते मेमरीत असतं, मशीन बंद पडलं की त्यातलं सगळं जातं. कालच्या रात्रीचं लॉक तिथे असतं तर यूपीएसबरोबर तेही गेलं असतं आणि लाइट आल्यावर स्क्रिप्ट आपोआप सुरू झाली असती.

मुलीने लिहिलेलं वाचताना एक जागा अडली. तिने कंसातल्या दोन तुकड्यांना मागे सोडलं होतं आणि दोन्हीकडे डॉलर-डॉलर लिहून नंबर घेतला होता. कंसातल्या शेलमध्येही डॉलर-डॉलर मूळ शेलचाच नंबर देतो. दोघींची नावं एकच, फाइल एकच. पहिली संपली की ती फाइल पुसणार आणि दुसरी आत असूनही नोंदवहीत नसणार. तिने ते तुकडे वेगळ्या स्क्रिप्टमध्ये काढले. असल्या चुका चाचणीत सहसा सापडत नाहीत, त्या वाचूनच सापडतात, म्हणून लॉकच्या फंक्शनची फाइल आम्ही दोघी मिळून, ओळ न ओळ मोठ्याने वाचतो.

संध्याकाळी ६:००

संध्याकाळचं संकलन सुरू. नव्या फाटकासकट सगळं खऱ्या सर्व्हरवर आलंय. लॉगमध्ये ७५ एकदाही नाही.

संघातून फोन येतो, दरवाढीचं पत्रक पक्कं झालं. आकडे दोघींनी वेगवेगळे भरले आणि मग 'डिफ'ने ताडून बघितले.

रात्री ८:३५

बहुतेक सगळ्या संस्थांच्या फाइली आल्या. हप्ता बंद करणारी स्क्रिप्ट सुरू केली. फाटक मिळालं. आत सहा स्क्रिप्ट होत्या, मग तीन, मग एक. मुख्य लॉक मिळालं.

इथे दोन गोष्टींची काळजी घेतलेली आहे. पहिली, लॉक आपोआप सुटतं याचा अर्थ आतलं काम पुरं झालं असा होत नाही. मध्येच लाइट गेली तर लॉक सुटेल, आणि खाती अर्धी बंद, अर्धी चालू राहतील. म्हणून सगळी बंद खाती आधी बाजूच्या तात्पुरत्या फोल्डरात तयार होतात आणि अगदी शेवटी, एका नामांतराने, खऱ्या जागी जातात. तोवर काहीही झालं तरी मूळ खाती जशीच्या तशी. दुसरी, बेरजेची पडताळणी एकटीचं लॉक हातात असतानाच करायची. लिहून झाल्यावर लॉक सामाईक करून निवांत तपासावं, बाकीच्यांना आत येऊ द्यावं, असा विचार साहजिक येतो. पण फ्लॉक असं बदलताना आधी जुनं लॉक सोडतं आणि मग नवं घेतं. त्या दोहोंच्या मध्ये दुसरी लिहिणारी आत येऊ शकते. सामाईकवरून एकटीच्या लॉकवर जातानाही तेच. त्यामुळे आमच्या दोन फंक्शनमध्ये लॉक बदलायची सोयच ठेवलेली नाही. जे हवं ते सुरुवातीलाच मागायचं.

बेरजा जुळल्या. नामांतर झालं. 'चालू' ही लिंक एकवीस तारखेच्या फोल्डराकडे वळली. दोन्ही लॉक सुटली.

रात्री ९:१५

गगनबावड्याकडच्या एका संस्थेची फाइल आत्ता आली. तिकडे संध्याकाळपासून रेंज नव्हती. स्क्रिप्टने सामाईक लॉक घेतलं, हप्ता बंद झालेला बघितला आणि फाइल 'उशिरा' नावाच्या फोल्डरात ठेवली. बंद हप्त्यात आपल्या मनाने भर घालायची तिला परवानगी नाही. ते मी उद्या पहाटे पुन्हा लिहिण्याचं लॉक घेऊन, पुरवणी म्हणून घालणार. तारखेवरून दर निवडला जातो आणि अकरा तारखेचं फोल्डर जागेवर आहे, त्यामुळे त्यात अडचण काही नाही.

संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावते.

"सकाळच्या संकलनाआधी सगळ्यांना मेसेज जातील, दादा."

"जुन्या दरानंच जातील ना, ताई? उगं नवा लागला म्हणून लोक खूश हुतील आन् मग बिलात कमी दिसंल."

"वीस तारखेचं दूध आहे, जुन्याच दराने. एकवीसच्या सकाळपासून नवा."

"बरं. मग आत्ताच ग्रुपवर टाकून ठेवतो."